इटलीची जुनी बंदरगावं बघायची तर एकच किनारा निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून इटलीत नऊ रात्री, बरोबर पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात, घर पूर्ण शाकाहारी, आणि मुलीला समुद्रकाठची रंगीत घरं बघायचीच आहेत. यादीत पोझितानो, आमाल्फी, पोर्तोफिनो, चिंक्वे तेर्रेची पाचही गावं आणि पुल्या प्रांतातलं पोलिन्यानो. हे सगळं भाड्याच्या गाडीनं कोणत्या क्रमानं करावं, असं तुम्ही विचारलंय.

क्रम लावण्याआधी यादी कापावी लागेल. तुमची ठिकाणं तीन वेगळ्या किनाऱ्यांवर आहेत. पोर्तोफिनो आणि चिंक्वे तेर्रे वायव्येला, लिगुरिया प्रांतात. पोझितानो आणि आमाल्फी नेपल्सच्या दक्षिणेला. पोलिन्यानो पार बुटाच्या टाचेकडे, एड्रियाटिक समुद्रावर. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना नुसता प्रवासाचा वेळ जात नाही. सकाळी खोली सोडायची, सामान ओढायचं, दुपारी नवी खोली मिळेपर्यंत कुठेतरी ताटकळायचं, यात अख्खा दिवस संपतो. वर प्रत्येक गाव तुम्हाला भर दुपारी दिसेल, म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा. मराठी कुटुंबांच्या इटलीच्या सहली आखणं हेच माझं काम आहे आणि बऱ्याचदा मी सोबतही असतो. त्या अनुभवावरून सांगतो: एकच किनारा घ्या. तुमच्यासाठी तो लिगुरियाचा. सात रात्री सेस्त्री लेव्हांते या गावात आणि परतीच्या आधीच्या दोन जेनोव्हा शहरात. गाडी अजिबात नको.

असं का, ते या गावांच्या घडणीवरूनच कळतं. ही सगळी मुळात बंदरं आहेत. मागे सरळ उभा डोंगर, पुढे खोल पाणी आणि मधे जेमतेम एक पट्टी सपाट जागा. जेनोव्हा ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग १८७४ साली पूर्ण झाला. त्याआधी इथल्या बहुतेक गावांत पोचायचं म्हणजे खेचरांच्या वाटेनं किंवा होडीनं. समुद्र हाच हमरस्ता होता, म्हणून गावांची तोंडं समुद्राकडे आहेत. जागा नाही म्हणून घरं पाच-सहा मजली उंच, एकमेकांना चिकटलेली. रंगवलेली दर्शनी बाजू पाण्याकडे. चर्च धक्क्याला लागून, म्हणजे परतणाऱ्या खलाशाला पहिलं तेच दिसावं. टोकावरचा बुरूज चाच्यांवर नजर ठेवायला. ही भीती खरी होती. १५४९ साली द्रागुत या चाच्यांच्या सरदारानं याच किनाऱ्यावरचं रापाल्लो लुटलं होतं. गाडीनं वरच्या रस्त्यावरून उतरलात तर तुम्ही या गावांत मागच्या दारानं शिरता. म्हणून माझा आग्रह असतो की निदान एकदा बोटीनं यावं आणि निदान एका गावात दिवसभराची माणसं परत गेल्यानंतरही थांबावं.

सेस्त्री लेव्हांते मी आईंसाठी निवडलं. जुनं गाव वाळूच्या एका अरुंद पट्टीवर वसलंय. टोकाची टेकडी पूर्वी बेट होती, वाळू साचत जाऊन ती जमिनीला जोडली गेली. त्यामुळे गावाच्या दोन्ही बाजूंना समुद्र आहे आणि मधली गल्ली सपाट आहे. लिगुरियात हे दुर्मीळ. एका बाजूचा उपसागर मोठा, हान्स ख्रिश्चन अँडरसन १८३३ साली इथे राहिला होता म्हणून त्याला परीकथांचा उपसागर म्हणतात. दुसरा छोटा, अर्धवर्तुळाकार, शांततेचा उपसागर. मासेमारांची जुनी रंगीत घरं थेट त्याच्या वाळूवर उभी आहेत. मुलीला हवं ते चित्र तिला पहिल्याच संध्याकाळी मिळेल. टेकडीवर १२व्या शतकातलं सान निकोलोचं छोटं चर्च आहे, तिथवर चढ आहे. आई खाली बाकावर बसल्या तरी त्यांचं काही हुकत नाही. स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत चाकांची बॅग ओढत सरळ जाता येतं. एका दिशेला कामोल्यी, दुसऱ्या दिशेला चिंक्वे तेर्रेतलं मोंतेरोस्सो, दोन्ही लोकल गाडीनं साधारण अर्ध्या तासावर.

कामोल्यीला पूर्ण दिवस द्या. पर्यटक चिंक्वे तेर्रेच्या नावानं येतात आणि हे गाव रेल्वेच्या खिडकीतून मागे टाकतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. १९व्या शतकात या एवढ्याशा गावाच्या मालकीची शिडाची व्यापारी जहाजं इतकी होती की त्याला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणत. इथल्या कप्तानांनी आपसांत वर्गणी काढून जहाजांच्या विम्याची परस्पर सहकारी व्यवस्था उभारली होती. एकाचं जहाज बुडालं तर नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. समुद्रासमोरच्या उंच घरांची रांग या जहाजव्यापाराच्या पैशांतून सजली. नीट बघा, त्यातल्या कित्येक खिडक्या, झडपा, खिडकीवरचं कोरीवकाम नुसतं रंगवलेलं आहे. खरी खिडकी कोणती आणि चितारलेली कोणती हे शोधण्यात मुलगी तासभर रमेल. अशी चितारलेली दर्शनी बाजू लिगुरियाभर दिसते, पण इतक्या दाटीनं क्वचित.

आणखी एक गोष्ट कोकण जाणणाऱ्याला इथे थांबवेल. कामोल्यीजवळच्या भूशिराशी जुन्या पद्धतीचं मासेमारीचं स्थिर जाळं अजून लावतात, साधारण एप्रिल ते सप्टेंबर. ते जाळं नारळाच्या काथ्याचं असतं. दोर हातानं वळून, हातानं विणून. तुम्ही जाल तेव्हा हंगाम संपत आलेला असेल, पण बोटीतून जाताना तरंगत्या खुणांची रांग दिसली तर खलाशाला विचारा. या विषयावर ते लोक मनापासून बोलतात.

कामोल्यीहून बोटीनं सान फ्रुत्तुओसोला जाता येतं. तिथे एका लहानशा खाडीत मध्ययुगीन मठ आहे आणि रस्ता नाही. बोटीनं जा किंवा डोंगरातून काही तास चालत जा. मठाच्या कमानी थेट खड्यांच्या किनाऱ्यावर उतरतात. आत जेनोव्हाच्या दोरिया घराण्याच्या १३व्या शतकातल्या समाध्या आहेत, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांच्या. या खाडीत सुमारे सतरा मीटर खोल पाण्यात येशूचा हात उंचावलेला ब्राँझचा पुतळा १९५४ साली बसवलाय. तो नीट बघायचा तर पाण्यात बुडी मारावी लागते. बोट धक्क्याला लागताना हेलकावे खाते, त्यामुळे आईंना मधल्या बाकावर बसवा आणि उतरायला घाई करू नका, खलाशी हात देतात. उतरल्या उतरल्या शेवटच्या परतीच्या बोटीची वेळ फलकावर बघून ठेवा. वारा वाढला तर बोटी बंद होतात, म्हणून हा दिवस आधीपासून ठरवून टाकू नका. आदल्या संध्याकाळी हवामान बघून ठरवा.

आता चिंक्वे तेर्रे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मनारोला, रिओमाज्जोरे. युनेस्कोनं १९९७ साली पोर्तोव्हेनेरे या शेजारच्या बंदरगावासह हा पट्टा जागतिक वारशात घेतला. पाचही गावं एका दिवसात 'करणं' सहज शक्य आहे, रेल्वेला दोन गावांमध्ये पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि म्हणूनच बहुतेकांची फसगत होते. दहा ते पाच या वेळात फलाटावर उभं राहणं, बोगद्यातून ढकलत पुढे जाणं आणि फोटोसाठी रांग लावणं यापलीकडे काही घडत नाही. तुम्ही दोनच गावं घ्या, मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी.

मोंतेरोस्सो पाचांत सगळ्यात सपाट आहे आणि खरी वाळूची चौपाटीही तिथेच. समुद्र सप्टेंबरअखेर पोहण्याइतका उबदार असतो. छत्री-खुर्च्यांच्या रांगा दिसतील त्या पैसे भरून बसायच्या जागा. फुकटचा भाग वेगळा असतो, त्याला 'स्पियाज्जा लिबेरा' म्हणतात. १९७५चं नोबेल मिळालेला कवी एउजेनियो मोंताले बालपणीचे उन्हाळे इथल्या घरी घालवत असे.

वेर्नात्साला मात्र दुपारी चारनंतर जा. स्टेशनातून बाहेर पडलात की थेट मुख्य गल्ली, आणि ती हळूहळू उतरत बंदराच्या चौकात जाते. आईंना जमेल असा उतार आहे. पाच गावांतलं हे एकमेव नैसर्गिक बंदर. चौकाच्या एका कडेला सांता मार्गेरिताचं चर्च अगदी पाण्यावर, खडकात पाय रोवून उभं. साडेपाच-सहानंतर बोटी थांबतात, गटांचे झेंडे नाहीसे होतात आणि धक्क्यावर गावातली मुलं चेंडू खेळू लागतात. सूर्यास्त त्या दिवसांत सव्वासातच्या आसपास. जेवून साडेनऊच्या गाडीनं परत या. परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक आधीच फोनवर घेऊन ठेवा, रात्री त्या विरळ होतात.

वेर्नात्सात उभं राहून मागे वर नजर टाका. डोंगरभर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतील, द्राक्षांसाठी शतकानुशतकं रचलेल्या, चुन्याचा थेंबही न वापरता. असे कोरडे बांध घालण्याच्या कलेला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशात जागा मिळाली. सप्टेंबर हा द्राक्षं खुडण्याचा महिना. एकाच रुळावरून चालणाऱ्या छोट्या यंत्रगाड्या करंड्या खाली आणताना दिसू शकतात. शेती परवडेना म्हणून अनेक मळे सोडून दिले गेले आणि बांध ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११च्या अतिवृष्टीत डोंगरातली माती आणि दगड वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांत घुसले. वेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत गाडली गेली आणि गावातली तीन माणसं गेली. आज तिथे जे हॉटेल, जी दुकानं दिसतात ती लोकांनी चिखल उपसून पुन्हा उभी केली आहेत. हे माहीत असलं की इथल्या पायवाटांवर चालायला जे पैसे घेतात ते खटकत नाहीत. ते बांध आणि वाटा राखायलाही लागतात.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हाच इथल्या मोठ्या पावसाचा काळ. हवामान खात्याचा इशारा पिवळा, नारिंगी किंवा लाल अशा रंगांत येतो. नारिंगी-लाल असेल तर पायवाटा बंद होतात, आणि तेव्हा साखळी ओलांडून जायचं नाही. तसा दिवस आला तर जेनोव्हाला जा. चपला घालून डोंगरवाटेवर गेलात तर दंड होतो, मुलीसाठी चांगले बूट घ्या. कोर्निल्याला स्टेशनपासून गावापर्यंत ३८२ पायऱ्या आहेत. छोटी बस असते, पण ती भरलेली असते, तेव्हा आईंना घेऊन ते गाव सोडून दिलेलं बरं. रिओमाज्जोरे ते मनारोला ही कड्याला लागून काढलेली 'प्रेमाची वाट' २०१२ साली दरड कोसळून बंद झाली होती, ती २०२४ साली पुन्हा उघडली. जेमतेम एक किलोमीटर, बरीचशी सपाट. त्यासाठी वेळ ठरवून वेगळं तिकीट काढावं लागतं. आईंना समुद्रावरच्या कड्यावरून चालण्याचा अनुभव द्यायचा असेल तर हीच एक वाट त्यांना जमण्यासारखी आहे.

बोटीचा माझा आवडता दिवस पोर्तोव्हेनेरेचा. मोंतेरोस्सोहून बोट धरा. ती कड्यांना लागून जाते, गावं एकेक करून पाण्यावरून दिसतात (कोर्निल्या उंचावर आहे, तिथे बोट लागत नाही), आणि शेवटी भूशिराला वळसा घालताना सान पिएत्रोचं चर्च समोर येतं. १३व्या शतकातलं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, तिन्ही बाजूंनी समुद्र. १२व्या शतकात जेनोव्हानं ही जागा पिसाविरुद्ध तटबंद केली. धक्क्यावरची उंच, अरुंद घरांची सलग भिंत हीच मुळात तटबंदी आहे. म्हणूनच घरांमधून आत जाणारे जिने इतके चिंचोळे आणि उभे आहेत: शत्रू एकेक करूनच वर येऊ शकेल असे. तुम्ही धक्क्यावरून बघाल तेव्हा रंग बघू नका, दारं किती कमी आणि किती अरुंद आहेत ते बघा. गावात रेल्वे नाही. परत येताना बसनं किंवा बोटीनं ला स्पेत्सियाला जाऊन तिथून रेल्वे.

पोर्तोफिनो हवंच असेल तर सांता मार्गेरिता लिगुरे या शेजारच्या गावाहून बोटीनं जाऊन दोन तासांत परत या. बंदर सुंदर आहे, पण रोजचं जगणारं गाव तिथे फार उरलेलं नाही.

जेवणाचं तुम्ही काळजीनं लिहिलंय, पण लिगुरिया शाकाहाऱ्यांना सोपा जातो. 'फारिनाता' शोधा: बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, आपल्या धिरड्याच्या जवळचं. आईंना ते पहिल्या घासाला आवडेल. सकाळी 'फोकाच्चा' हा ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, कामोल्यीच्या शेजारच्या रेक्को गावाची चीज भरलेली पातळ फोकाच्चा, बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा घातलेला पेस्तो-पास्ता (पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी), अक्रोडाच्या चटणीतले पालेभाजी भरलेले 'पान्सोती'. एक मात्र स्पष्ट सांगतो, कारण बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं: पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या विरजणानं विरजवतात, आणि पेस्तोत ते असतंच. घरी ते चालत नसेल तर 'सेन्त्सा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, असं सांगा आणि ताज्या टोमॅटोचा पास्ता मागा. भाज्यांच्या पदार्थातही खारवलेले छोटे मासे बारीक करून घालतात, म्हणून 'सेन्त्सा आच्चूगे' हेही पाठ करा. रात्रीचं स्वयंपाकघर साडेसातच्या आधी सुरू होत नाही. आईंना लवकर जेवायची सवय असेल तर सेस्त्रीत छोट्या स्वयंपाकघराची खोलीच घ्या. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' दिसेल, तो बसण्याचा रीतसर आकार आहे.

पुल्या तुमच्या मनात फार असेल आणि विमानाची तिकिटं अजून काढली नसतील, तर लिगुरिया पूर्ण सोडून सगळ्या रात्री तिकडे घाला. गुडघ्यांच्या दृष्टीनं तो किनारा लिगुरियापेक्षाही सोपा आहे, कारण जमीनच सपाट. मुक्काम मोनोपोलीत: पांढरं जुनं गाव, बंदरात निळ्या लाकडी होड्या, आणि बारी शहराहून थेट रेल्वे. पोलिन्यानो तिथून एका स्टेशनावर. कड्यांच्या मधली ती प्रसिद्ध चौपाटी सकाळी आठच्या आत बघा. पण त्या किनाऱ्यावर माझं मन त्रानीत गुंततं. १०९९ साली सुरू झालेलं फिकट दगडाचं कथीड्रल समुद्राच्या अगदी काठावर, मोकळ्या चौकात उभं. १०९४ साली गावात मरण पावलेल्या एका कोवळ्या वयाच्या ग्रीक यात्रेकरूच्या नावे ते बांधलं. शेजारी सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा किल्ला, आणि गल्ल्यांत ज्यूंची जुनी वस्ती. रंगीत घरं इथे नाहीत, हे मुलीला आधी सांगा. दक्षिणेला ओत्रांतोच्या कथीड्रलमध्ये पूर्ण जमिनीवर ११६३ ते ११६५ दरम्यान पान्तालेओने या भिक्षूनं केलेलं मोझाइक आहे. त्यातला जीवनवृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे, आणि फांद्यांवर नोहापासून राजा आर्थरपर्यंत सगळे. तिथे पोचायला लेच्चे शहराहून छोट्या रेल्वेगाड्या बदलाव्या लागतात, दिवस जातो, पण तो सार्थकी लागतो. पुल्यात भिजवलेल्या बाकल्याच्या डाळीचं पिठल्यासारखं दाट वाटण कडू पालेभाजीबरोबर देतात, पूर्ण शाकाहारी.

आमाल्फी या वेळी नको म्हणतो त्याचं कारण पोझितानो. ते गाव म्हणजे जिना आहे, आणि किनाऱ्याचा एकमेव रस्ता बसमध्ये उभं राहून करणं आईंना झेपणार नाही. पुढे कधी गेलात तर सालेर्नोत राहा, तिथवर वेगवान रेल्वे आहे, आणि बोटीनं आमाल्फीला जा. एकेकाळचं हे स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक. १३४३च्या वादळात खालचा भाग समुद्रानं गिळला, म्हणून आजचं गाव त्याच्या कीर्तीच्या मानानं एवढंसं दिसतं. तिथला जुना कागदाचा कारखाना आणि शेजारचं चिमुकलं आत्रानी, या दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा.

गाडी नको म्हटलं त्याचं कारण फक्त पार्किंग नाही. जुन्या गावांत बाहेरच्या वाहनांना मनाई असलेले विभाग आहेत, त्यांच्या तोंडाशी कॅमेरे असतात आणि दंडाची पत्रं महिन्यांनी घरी येतात. लोकल गाड्यांना आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. चिंक्वे तेर्रेचं एक दिवसाचं ट्रेन-कार्ड लेव्हांतो (सेस्त्रीहून येताना मोंतेरोस्सोच्या आधीचं स्टेशन) ते ला स्पेत्सिया एवढ्याच पट्ट्यात चालतं. सेस्त्री ते लेव्हांतो वेगळं तिकीट काढा. ज्येष्ठांना त्या कार्डात सवलत असते, आईंचा पासपोर्ट जवळ ठेवा. चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले हवेत, आणि दुपारी बारा ते तीन बरीच चर्चेस बंद असतात.

कामं या क्रमानं करा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. चौघांचा एकत्र द्या आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असू द्या. त्याच्याही आधी सेस्त्रीची खोली, रद्द करता येईल अशी, आणि लिफ्ट आहे का हे मालकाला लेखी विचारून. 'पहिला मजला' म्हणजे तिथेही तळमजल्याच्या वरचा, आणि जुन्या घरात तो चाळीस पायऱ्यांवर असू शकतो. 'प्रेमाच्या वाटे'चं तिकीट महिनाभर आधी. बोटींची तिकिटं मात्र तिथे गेल्यावर, आकाश बघून.